डाव्या हाताचं फडकं

आमच्या घराला टोस्टचा वास यायचा. बाबा मलकापूरला स्टेशनाजवळच्या एका बेकरीत कामाला होते आणि भट्टीच्या मागच्या दोन खोल्या मालकांनी आम्हाला राहायला दिल्या होत्या. मधली भिंत दिवसभर कोमट असायची. थंडीत आम्ही दोघी बहिणी तिला पाठ लावून अभ्यास करायचो, आणि उन्हाळ्यात तिच्यापासून जितकं लांब सरकता येईल तितकं सरकायचो, म्हणजे समोरच्या भिंतीपर्यंत, म्हणजे सहा पावलं. मालगाडी गेली की फळीवरची जर्मनची भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. गाडी लांबलचक असली तर ती किणकिण इतका वेळ चालायची की बोलणारा माणूस बोलायचं काय होतं तेच विसरायचा. सकाळी चहाबरोबर टोस्टचा चुरा असायचा. अख्खे टोस्ट गिऱ्हाइकाचे, मोडलेले आमचे. वाटीत चुरा घालायचा, वरून चहा ओतायचा आणि चमच्यानं खायचा. मला आता डॉक्टरांनी मैदा बंद केलाय. सून मोठ्या प्रेमानं नाचणीचे टोस्ट आणते. मी तेही खाते, पण डोळे मिटून.

मैद्याच्या पोत्यांची तोंडं पांढऱ्या सुती दोऱ्यानं शिवलेली असत. त्या शिवणीचं एक बरं असतं. बरोबर टोक धरून ओढलं की सगळा दोरा सरसर एका दमात निघतो. चुकीचं टोक ओढलं की गाठ बसते आणि मग कात्रीशिवाय गत्यंतर नाही. बाबांचा हात कधी चुकला नाही. निघालेला दोरा ते दोन बोटांभोवती गुंडाळायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे आणि संध्याकाळी आमच्या पुढ्यात ठेवायचे. त्याला मैदा लागलेला असे, आणि शिवणीत राहून राहून तो कुरळा झालेला असे. आई तो सोड्याच्या पाण्यात उकळायची. मग मी तो ओला दोरा गरम पाण्यानं भरलेल्या तांब्याभोवती गुंडाळून ठेवायचे. तांब्या गार होईस्तोवर दोरा सरळ होई. दोन पोत्यांचे दोरे एकत्र पिळले की विणण्याजोगी जाडी यायची.

विणायला मला चाचींनी शिकवलं. चाची म्हणजे बेकरीच्या मालकांची बायको. त्या क्रोशाच्या टोप्या विणायच्या, नमाजाच्या. बारीक पांढरा रेशमासारखा दोरा, आणि सुई इतकी नाजूक की लांबून दिसायचीच नाही. नुसती बोटं हलताना दिसायची. दुपारी दुकान थंडावलं की त्यांच्या पडवीत गल्लीतल्या चार-पाच मुली जमायच्या, त्यांच्या दोन्ही बाजूंना दाटीनं बसायच्या आणि त्यांच्या हाताकडे बघून आपापले हात चालवायच्या. मला काही केल्या जमेना. मी डावरी. त्यांचा उजवा हात बघून माझा डावा हात गोंधळायचा, आणि शेजारच्या मुलीला माझं कोपर लागून तिचे टाके सुटायचे. मुलींनी मला दोनदा उठवून लावलं. तिसऱ्या दिवशी चाचींनीच मला हाक मारली. म्हणाल्या, "तू उल्टे हाथ की है ना? तो बाजू में काय कू बैठती? सामने बैठ. मेरे कू आईना समझ."

मी समोर बसले. आणि खरोखरच, त्यांचा उजवा हात हलला की माझा डावा हलायचा, जसा आरशात हलावा. एवढी साधी गोष्ट, पण त्या दुपारी मला वाटलं, आपल्यासाठी जगात एक जागा आहे आणि ती समोरची आहे. बाकीच्या मुलींना चाचींचे फक्त हात दिसायचे. मला त्यांचा चेहराही दिसायचा. टाके मोजताना त्यांचे ओठ हलायचे, मध्येच डोळे जड व्हायचे, बोटं मात्र चालूच राहायची. मीही बघता बघता पेंगायचे. त्या दुपारींमधलं किती जागेपणी झालं आणि किती झोपेत, हे मला आज सांगता यायचं नाही. भट्टीची ऊब, शेजारच्या मशिदीतली अजान, कुठंतरी हँडपंपाचा आवाज, आणि समोर दोन हात. आरशातल्या माणसानं शिकवावं तसं मी शिकले.

पोत्याच्या दोऱ्याची टोपी होत नाही, तोरणही होत नाही. जाड, राकट दोरा तो. चाचींनी हातात घेऊन चोळून बघितला आणि म्हणाल्या, याचं फडकं कर, भांडी पुसायचं. मग त्यांनी मला जगातली सगळ्यात सोपी वीण सांगितली. आधी साखळी घालायची, टाके जोडीनं मोजून. मग एक मुका खांब, एक खांब, पुन्हा एक मुका, एक खांब. मुका खांब बुटका असतो. खांबाला सुईवर एक वेढा जास्त घ्यायचा, म्हणून तो उंच. ओळ संपली की काम फिरवायचं, आणि परतीच्या ओळीत मुक्यावर खांब घालायचा, खांबावर मुका. बस्स. उंचावर बुटका आणि बुटक्यावर उंच येत गेला की सगळ्या फडक्यावर बारीक बारीक दाणे उठतात, भिजवलेल्या तुरीच्या डाळीवरून हात फिरवावा तसे. त्या दाण्यांनी भांड्याची राख निघते, कडेची चिकट डाळ निघते, आणि कापूस असल्यानं पाणीही पिऊन टाकतं. सुई बाबांनी सायकलवाल्याकडून करून आणली होती, चाकाची तार घासून. मी पहिलं फडकं केलं तेव्हा आई पोट धरून हसली. म्हणाली, लोकांच्या पोरी दाराले तोरण करतात, आमची पोट्टी मसोत्याले नक्षी काढते. पण भांडी मात्र त्याच फडक्यानं पुसायला लागली, आणि जुन्या लुगड्याची मसोती हळूहळू घरातून गेली.

आईचा माझ्यावर राग नव्हता. माझ्या डाव्या हातावर होता. जेवताना तो वर आला की उलथनं बसायचं. पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात राहायचं, कारण पाणी देताना चुकून डावा हात पुढं झाला तर पोरीचं लग्न कोण करील, हे तिला माझ्या सातव्या-आठव्या वर्षापासून वाटत होतं. शाळेत बाईंनी पट्टी मारून मारून पेन्सिल उजव्या हातात आणली होती. क्रोशा तेवढा राहिला होता. तो आईनं सोडून दिला, कारण चाचींच्या पडवीत परकं कोणी येत नसे. आज माझी नात डाव्या हातानं जेवते, डाव्या हातानं लिहिते, आणि तिची आई कौतुकानं सांगते की डावखुरी मुलं हुशार असतात. मला हसू येतं. इतक्या हुशारीचं उलथनं खाल्लंय मी.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. सुशीला; सगळे सुशी म्हणायचे. ती उजव्या हाताची, सरळ नाकाची, सरळ वळणाच्या अक्षराची. विणकामात मात्र तिला काडीचा रस नव्हता. तिला वाचायला आवडायचं. खारी बांधायला रद्दीचे कागद येत, त्यातली मासिकांची पानं ती निवडून ठेवायची आणि मी विणत असताना माझ्यापुढं बसून मोठ्यानं वाचायची. पानं सुटी असायची, त्यामुळे गोष्टीला कधी सुरुवात नसे, कधी शेवट नसे. शेवट नसला की ताई छताकडे बघत तो मनानं रचायची. तिच्या शेवटांत लग्नं व्हायची आणि सगळे एका मोठ्या घरात राहायला जायचे, जिथल्या भिंती थंड असतात. वाचता वाचता तिची नजर माझ्या हातांवर असायची. ती बघते आहे हे मला माहीत होतं. ते तिच्यात कुठं जाऊन साठतंय हे मात्र माहीत नव्हतं.

एके वर्षी बुलढाण्यापलीकडच्या धाड गावी आमच्या मामेबहिणीचं लग्न होतं. पंगतीत एक उंच मुलगा वरण वाढत होता. तिथल्याच शाळेत नवा मास्तर लागला होता. ताईसमोर येऊन म्हणाला, "वरण वाढू काय?" ताई मान खाली घालून नको म्हणाली. परतीच्या एस.टी.त ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. बुलढाणा गेलं, घाट उतरला, मोताळा आलं तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, "वरण घ्याले पाह्यजे होतं वं." एवढंच. पण त्याआधी तिला पाहायला तीन घरची माणसं येऊन गेली होती आणि तिन्ही वेळा तिनं काहीतरी कारण काढून आईला रडवलं होतं, म्हणून मला त्या एका वाक्याचा अर्थ पुरता कळला.

आणि दोन महिन्यांनी त्याच घरचा निरोप आला. मुलाची आई आणि आत्या मुलगी पाहायला येणार. दोघींना पसंत पडली तर पुढचं. आत्या म्हणजे त्या घरातली कर्ती बाई; तिचा शब्द खाली पडत नाही, असंही निरोप्या सांगून गेला. त्या यायच्या दिवशी ताईनं सकाळी न सांगता डोक्यावरून पाणी घेतलं. मला म्हणाली, माझी वेणी तू घाल, माझे हात नीट चालत नाहीत.

आमच्याकडे रीत अशी, की पाहायला येणाऱ्या बाया पोहे खाऊन झाले की विचारतात, पोरीच्या हातचं काय आहे ते दाखवा. कुणी शिवलेलं पोलकं दाखवतं, कुणी भरलेली उशी. लग्नात हेच सगळं रुखवतात मांडलं जातं, म्हणून आधीच बघून ठेवायचं. ताईच्या हातचं काहीच नव्हतं. मासिकांची पानं दाखवून चालणार नव्हतं. आईनं ट्रंक उघडली, बंद केली, आणि मग फळीवरून माझी सात कोरी फडकी काढली. ती मी वापरायला दिलेली नव्हती. साठवून ठेवली होती. आईनं त्यांना तांदळाच्या पेजेची खळ दिली, लोट्यात निखारे घालून इस्त्री केली, चौकोनी घड्या केल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, हे सुशीनं विणले म्हणून सांगू. ताटावरचे रुमाल म्हणू. भांडी पुसायची फडकी एका सकाळीत ताटावरचे रुमाल झाली. मला वाईट वाटलं आणि मानही वाटला. दोन्ही एकदम वाटलं की माणूस गप्प बसतो. मला नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात ठेवलं. दाराला जुन्या साडीचा पडदा होता, त्याच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

मुलाची आई जाडजूड आणि अबोल होती. आत्याबाई किडकिडीत, चष्म्याच्या, खांद्याला कापडी पिशवी. बोलता बोलता कळलं की त्या मुलींच्या शाळेत शिवण-विणकाम शिकवतात. हे आधी कळतं तर आईनं फडकी काढलीच नसती, पण तोवर त्यांची ताटली पुढं गेली होती. आत्याबाईंनी पहिलं फडकं उचललं. घडी मोडली. बोटांनी चाचपलं. "मैद्याच्या पोत्याचा दोरा हाय ना हा?" त्या म्हणाल्या. आईचा चेहरा पडला. "बरं केलं. मजबूत राह्यते." मग त्यांनी ते उजेडाकडे धरलं, पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं. चष्मा वर सारला. माझी सातही फडकी त्यांनी अशी एकेक करून बघितली. त्या वेळात एक अख्खी मालगाडी गेली.

"कोनं इनलं हे?"

"सुशीनं," आई म्हणाली. "रिकामी बसतच नाही पोरगी."

"डावरी हाय काय?"

आत्याबाई शांतपणे सांगत होत्या, जशा वर्गात सांगत असतील तशा, की डाव्या हाताचे टाके उलटीकडे लवतात, सुरुवातीचं टोक दुसऱ्या कोपऱ्यात येतं. लपवायचं म्हटलं तरी लपत नाही. मुलाच्या आईनं ताईच्या हातांकडे बघितलं. ताईनं नुकताच चहा उजव्या हातानं दिला होता.

आता विचार करा. होय म्हणावं तर पोरगी डावरी, म्हणजे त्या काळी सांगून आलेलं स्थळ मोडायला तेवढं पुरेसं होतं. नाही म्हणावं तर आई खोटारडी, आणि खोटं सांगणाऱ्या घरची पोरगी कोण नेतो? दोन्हीकडून ताईचं वरण सांडत होतं. यातून एकच वाट होती. मी पडदा सारून बाहेर यायचं, सांगायचं की हे माझं आहे, आईनं ताईच्या प्रेमापोटी तसं म्हटलं. मी सोळा वर्षांची होते, मला हे सगळं तिथं उभं राहून समजत होतं, आणि माझे पाय हलले नाहीत. पाहुण्यांसमोर हा हात दाखवू नको, हे मला इतकी वर्षं सांगितलं होतं की तो हात मीच मुठीत धरून उभी राहिले. लाज वाटते लिहिताना, पण लिहायलाच बसले आहे.

ताईनं मान वर केली. "हाव," ती म्हणाली. "मी डावरी हाये. लिव्हाले शाळेत उजवा लावला."

आत्याबाईंनी पिशवीतून स्वतःची सुई काढली, दोऱ्याचं गुंडाळं काढलं आणि तिच्यापुढं धरलं. "घाल बरं दोन टाके."

ताईनं सुई डाव्या हातात घेतली. ज्या मुलीनं जन्मात सुई धरली नव्हती, तिनं ती माझ्यासारखीच धरली, पेन धरावं तशी, करंगळी बाहेर काढून. फास घातला. एक साखळी आली. दुसरी आली. तिसरी ढगळ, चौथी आवळ. मग तिनं परत फिरून एक मुका खांब घातला, वाकडा, पण मुका खांबच. माझ्यासमोर बसून वाचलेल्या सगळ्या दुपारी त्या चार साखळ्यांत होत्या.

"राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. "हात थरथरून राह्यला तुहा. पाव्हण्यासमोर कोनाचाबी थरथरते."

मग इतका वेळ गप्प असलेली मुलाची आई पहिल्यांदा बोलली. सयपाकही डाव्या हातानं करते काय, असं तिनं विचारलं. ताईनं एका क्षणात उत्तर दिलं, आणि त्या उत्तरानं तिची पुढची सगळी वर्षं बांधली गेली. म्हणाली, भाजी चिरते डाव्यानं, काडीही डाव्यानं ओढते. पण वाढते उजव्यानं. "वाढाले उजवा असला म्हंजे झालं," मुलाची आई म्हणाली, आणि उरलेला चहा प्याली.

आठ दिवसांनी पसंतीचा निरोप आला. साक्षगंध ठरलं, मग लग्न. मध्ये दोन महिने होते, आणि त्या दोन महिन्यांत मला माझ्या बहिणीला डावरी करायचं होतं.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, असं मी म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. शाळा सुटली की मी धावत घरी यायचे. ताई विळी घेऊन तयार असायची. मी तिला शिकवायचे, विळीवर भेंडी कोणत्या अंगानं धरायची, काडी पेटीवर कशी ओढायची, केरसुणी कोणत्या बाजूनं वळवायची. मला स्वतःलाही हे कधी ठाऊक नव्हतं; मी आधी करून बघायचे आणि मग सांगायचे. ताईनं दोनदा बोट कापलं, एकदा काडी साडीवर पाडली. आणि आई! जी आई माझा डावा हात वर आला की उलथनं उगारायची, ती आता चुलीपाशी बसून ओरडायची, "सुशे, डावा! डावा म्हनलं ना! काऊन विसरून राह्यली?" ताईकडे बघता बघता तिला माझी सवय झाली असावी. एकदा मी जेवताना डाव्या हातानं पापड उचलला. तिनं बघितलं आणि नुसतं वरण पुढं सरकवलं. चाचींना ही हकिगत कळली तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. म्हणाल्या, सारी दुनिया उल्टे को सीधा करती, तुम लोगां ने सीधे को उल्टा कर दिया.

विणायला मात्र ती माझ्या समोर बसत नसे. समोर बसून तिचं सगळं उलटं व्हायचं. ती शेजारी बसायची, माझ्या उजव्या अंगाला, आणि दोघींची कोपरं एकाच बाजूला हलायची, म्हणून एकमेकींना लागत नसत. मला शेजारी बसवून घेणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. एक मुका, एक खांब. ती मोजायची, मी मोजायचे, भट्टीची भिंत पाठीला कोमट लागायची, आणि मोजता मोजता कोण कुणाचे आकडे म्हणतंय तेही समजेनासं व्हायचं. तिचं फडकं सुरुवातीला रुंद होतं, मध्ये अरुंद झालं, पुन्हा रुंद झालं. दोन ठिकाणी खांब विसरल्यानं भोकं पडली होती. पण ते तिचं होतं, आणि ते तिनं डाव्या हातानं केलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी ते संपलं.

लग्न विहारासमोरच्या मांडवात झालं. ताई पांढऱ्या साडीत होती, आणि वंदना चालू असताना तिचा चेहरा असा काही शांत दिसत होता की मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. एका बाजूला पाटांवर रुखवत मांडलं होतं. सांडगे, कुरडया, शेवया, बाबांनी स्वतः भाजलेल्या नानकटायांचा मनोरा, आणि पुढं माझी सात फडकी. ताईनं हट्टानं आपलं आठवंही त्यांत ठेवलं होतं. आई नको नको म्हणत होती.

पंगती सुरू झाल्या तशा बाया रुखवत बघायला आल्या. आत्याबाईही आल्या. मी तिथंच राखणीला बसले होते. त्यांनी सांडग्यांकडे बघितलं नाही, मनोऱ्याकडे बघितलं नाही. फडकी उचलली, एकेक करून पालथी केली, आणि आठव्यावर थांबल्या. भोकांतून बोट आरपार घातलं. मग त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "लहाने, डावा हात दाखव."

माझा हात आपोआप पदराखाली गेला होता. त्यांनी तो बाहेर काढला. मधल्या बोटाच्या पेराला सायकलच्या तारेनं घट्टा पडला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मला वाटलं, आता त्या उठतील, मुलाच्या आईला बोलावतील, मांडवात सगळ्यांसमोर हा हात वर धरतील. पंगतीत नवा जावई ताईला काहीतरी विचारत होता आणि ती मान हलवून हो म्हणत होती. मी म्हणाले, आत्याबाई, तिची चूक नाही.

"मले पहिल्या दिवशीच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "हात इनत होता, पन शिकला नव्हता. मायचा शब्द राखाले पोरीनं हात बदलला. असं मानूस घरात पाह्यजे म्हनून हो म्हनलं मी." त्यांनी माझी मूठ मिटली. "आजच्या दिवस हा हात लपव. उद्यापासून नको लपवू. आन सुशीले सांग, मले मालूम हाय म्हनाव. आज नको, आज बावरंल. मंग सांग, सवडीनं. तुह्या तोंडून बरं वाटंल तिले."

ताईचं ते भोकांचं फडकं त्यांनी घडी करून कमरेला खोचलं आणि पंगतीकडे गेल्या.

मी तो हात त्या दिवशी लपवला आणि दुसऱ्या दिवसापासून खरंच लपवला नाही. त्याच हातानं मी पुढं फळ्यावर लिहिलं, बत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. आत्याबाई गेल्या, मग ताईची सासू गेली, आई-बाबा गेले. भाऊजींना अजून वाटतं की बायको डावरी आहे. दर उन्हाळ्यात ताई बुलढाण्याला माझ्याकडे महिनाभर येते. माझ्या स्वयंपाकघरात सासरचं कोणी नसतं, तरी ती भेंडी डाव्या अंगानं धरते. एकदा मी विचारलं, आता कशाला? म्हणाली, आत्याबाईंना एकदा सांगून टाकायचं होतं, राहून गेलं. आपण त्या माउलीला फसवलं ही बोच काही जात नाही, म्हणून निदान हात तरी खोटा ठरू देत नाही. मी तोंड उघडलं होतं. मग आम्ही खिडकीपाशी दोरा घेऊन बसलो, शेजारी शेजारी, आणि मी ते मिटलं.

सवडीनं सांग म्हणाल्या होत्या त्या. चाळीस वर्षांत मला सवड झाली नाही, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. ताई, हे पान छापायला जाण्याआधी मी तुझ्या हातात देणार आहे. आत्याबाईंना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तू कुणालाही फसवलेलं नाहीस. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू सुई उजव्या हातात घेतली असतीस, आणि घरात पुन्हा मी एकटीच डावरी उरले असते.